भारतासमोरचा रिकामा रकाना

८ नोव्हेंबर १९९३, सोमवार

सकाळी पाऊस होता. नऊला थांबला. गांधीजी रोडवरच्या लॉजमध्ये गेलो. नव्या कामाच्या शिकवणीचा तिथं आज शेवटचा दिवस होता. काम मिळालं. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. रात्री रसम-भात.

बायको, चंद्रमती, गेल्यापासून काही लिहिलं नव्हतं. आजपासून पुन्हा लिहितो. मराठी तंजावूरच्या आमच्या आळीत सगळे बोलतात, पण नागरी लिपी कुणाला येत नाही. तेव्हा वही कुठंही ठेवली तरी चालते.

मी शिकवायचो ती टाइपरायटिंग इन्स्टिट्यूट उन्हाळ्यात बंद झाली. तिथं आता कॉम्प्युटर शिकवतात. मद्रासच्या एका संस्थेला घरोघर जाऊन प्रश्न विचारणारी माणसं हवी होती, म्हणून अर्ज केला. सिगारेट, दारू, गांजा कोण किती घेतं, ते विचारायचं. हेच प्रश्न इतर देशांतही विचारतात. आमचे वरिष्ठ सुब्रमण्यम यांनी फळ्यावर तक्ता काढला. ऑस्ट्रेलियात तिघांतल्या एकानं गांजा कधी ना कधी घेतलेला. अमेरिकेत साधारण तसंच. हॉलंडमध्ये तो दुकानात मिळतो, तरी आकडा त्यांच्याहून कमी. जपानात जवळजवळ नाहीच. शेवटी भारत, आणि त्याच्यासमोर रिकामा रकाना.

सुब्रमण्यम म्हणाले, "तंजावूर जिल्ह्यात काय येणार, मला आत्ताच ठाऊक आहे. जपानच्या शेजारी बसणार आपण. पण विचारायचं तर नीट विचारायचं. घरात जायचं, पुढच्या खोलीत बसायचं, यजमानाची परवानगी घ्यायची."

सासूबाईंनी, म्हणजे हिराबाईंनी, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही पुसणार? दुसऱ्यांना? अहो गुरुमूर्तीराव, माझी पोर तुम्हांस सांबारात मीठ पुरे का म्हणून पुसायची, तर जबाब दुसरे दिवशी मिळायचा!"

खरं आहे. बोलायचं काम तिचं होतं.

मग म्हणाल्या, "काम करा. पण वर्षश्राद्ध होईतों कोणाचे घरात पाऊल घालणें नाही. पाणीही घेणें नाही. ही आमच्याकडची रीत. ओट्यावर बसा आणि काय पुसायचं तें पुसा."

मी हो म्हणालो. वरिष्ठांनी आत बसायला सांगितलं आहे, हे त्यांना सांगितलं नाही.

११ नोव्हेंबर, गुरुवार

वेण्णार नदीकाठच्या एका गल्लीत पहिला दिवस. पहिल्या दारापुढून दोनदा गेलो आणि परत आलो. मग ओट्यावर बसलो. एक बाई बाहेर आल्या. मी म्हणालो, "बायको वारली आहे, वर्ष झालेलं नाही, आत येत नाही. सरकारी काम नाही. नाव लिहायचं नाही. काही प्रश्न आहेत." पाठ केलं होतं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि आत जाऊन सासऱ्यांना पाठवलं. ते येऊन शेजारी टेकले. घरातले दिवाळीच्या गडबडीत होते. आमच्याकडं कुणी फिरकलं नाही.

"काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"पोटात गाठ."

ते काही वेळ गप्प बसले. मीही. मग प्रश्न सुरू केले. सिगारेट नाही. दारू पूर्वी. गांजा, कोणत्याही रूपात, ओढून, खाऊन, पिऊन? मला वाटलं उठून जातील.

"शनिवारी," ते म्हणाले. "नदीच्या पलीकडं. चाळीस वर्षं झाली. लिही."

लिहिलं. पहिल्याच घरी असं निघालं. योगायोग असावा.

१३ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी. आमच्याकडं काही नाही. शेजारच्यांनी फराळ पाठवला, सासूबाईंनी तो दारातूनच परत केला. फटाके पहाटेपासून.

२ डिसेंबर, गुरुवार

लॉजमध्ये मुरली भेटला. वीस-बावीस वर्षांचा आहे, माझ्यासारखाच घरं करतो, पण मोटारसायकल आहे, म्हणून माझ्या दुप्पट करतो. त्याच्या सगळ्या कागदांवर गांजा नाही, नाही, नाही. माझे पाहिले आणि हसायला लागला.

"सार, सगळे साधू तुमच्याच वाट्याला आले का? की तुम्ही तोंड बघून लिहिता?"

"ते सांगतात तेच लिहितो."

"मला कुणी का सांगत नाही? मी किती गोड बोलतो! प्रत्येक घरी कॉफी, मुरुक्कू. आजोबा, आजी, सून, पोरं, सगळे भोवती बसतात. एक प्रश्न विचारला की पाच जण उत्तर देतात. काल एकीनं तर माझी पत्रिका मागितली."

मला कुणी कॉफी विचारत नाही. विचारली तरी घ्यायची नाही. ज्याला विचारायचं त्याला माझ्यापाशी बसवून बाकीचे आत निघून जातात. दुःखातल्या माणसाभोवती कुणाला घुटमळायचं नसतं. मुरलीचं काम पाहून मात्र वाटतं, आपल्याला माणसांशी वागता येत नाही. चंद्रमती असती तर तिलाही प्रत्येक घरी पानसुपारी मिळाली असती.

२१ डिसेंबर, मंगळवार

तिरुवैयारु. एका आजीबाईंनी विचारलं, "ओढला तरच गांजा का रे? वैद्याच्या लेह्यात असतो तो?" मी म्हणालो, कोणत्याही रूपात. "मग लिही. कंबरेसाठी. बोराएवढी गोळी. सुनेला वाटतं आवळ्याचं आहे." आणि तोंडावर पदर घेऊन हसल्या. मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

त्याच गल्लीत देवळात तविलचा ढोल वाजवणारे एक गृहस्थ. आता हात कापतात, मुलगा वाजवतो. त्यांचीही बायको गेलेली. मी प्रश्न काढण्याआधी त्यांनीच मला विचारलं, "झोप येते का?"

"पहाटे येते."

"मला ह्याच्यानं येते," ते म्हणाले, आणि दोन बोटं ओठांशी नेली. "मुलाला ठाऊक नाही. देवळातल्यांना तर नाहीच. आणि तू तरी का विचारतोस म्हणा."

मी तक्त्याचं सांगितलं. ऑस्ट्रेलिया, हॉलंड, जपान. त्यांना मजा वाटली. "म्हणजे मी त्या तक्त्यात बसणार? हॉलंडच्या माणसाशेजारी?" मी म्हणालो, हो. "मग नीट लिही," ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली.

१२ जानेवारी १९९४, बुधवार

सुब्रमण्यम यांनी बोलावलं. माझे कागद वेगळे काढून ठेवले होते. उभंच ठेवलं.

"गुरुमूर्ती, सगळ्यांच्या कागदांत शंभरांत एखादा. तुमच्या कागदांत आठांत एक. तुमचा तंजावूर जिल्हा वेगळा आहे का?"

मी कागदांकडं पाहिलं.

"घरी बसून भरता?"

"नाही सार."

"मग काय म्हणायचं? तिरुवैयारूच्या आज्या गांजा खातात? हे मद्रासला गेलं तर लोक हसतील. पेपरात आलं तर मारायला येतील." नंतर आवाज खाली आणला. माणूस वाईट नाही. "तुमच्या घरी काय झालंय ते माहीत आहे मला. मन थाऱ्यावर नसतं. कागद परत न्या, पुन्हा बघा. चुकून 'हो' झाले असतील ते 'नाही' करा. मी काही विचारणार नाही. नाहीतर सगळा गठ्ठा खोटा म्हणून फेकावा लागेल, आणि तसा शेरा मारावा लागेल. पुढं कुठलंच काम मिळणार नाही."

गठ्ठा घेऊन घरी आलो. जेवल्यावर पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसलो. पहिला कागद वेण्णारच्या म्हाताऱ्यांचा. शनिवारी, नदीच्या पलीकडं. ते म्हणाले होते, लिही. तविलवाले म्हणाले होते, नीट लिही.

खोडरबर डब्यात ठेवलं.

१३ जानेवारी, गुरुवार

भोगी. कागद जसेच्या तसे परत दिले. "ताडून बघा," एवढंच म्हणालो. सुब्रमण्यम म्हणाले, "बघतो. तुम्हीही चला. तुमच्यासमोरच होऊ दे."

१९ जानेवारी, बुधवार

वाईट दिवस.

जीपनं तिरुवैयारूला गेलो. माझीच घरं. सुब्रमण्यम गळ्यात संस्थेचं कार्ड घालून आत गेले. मी दाराबाहेर उभा राहिलो. त्यांना खुर्ची दिली, पंखा लावला. सगळं घर गोळा झालं.

आजीबाई म्हणाल्या, "शिव शिव! गांजा? माझ्या घरात?" सून सासूकडं बघून म्हणाली, "आमच्या अत्तै कॉफीसुद्धा घेत नाहीत हो." आजीबाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही.

तविलवाल्यांचा मुलगा घरी होता, सून होती, देवळातले एक जण सहज आलेले. सुब्रमण्यम यांनी विचारलं. म्हाताऱ्यांची नजर दारातून माझ्यावर आली. कापणारे हात त्यांनी मांड्यांखाली घेतले.

"नाही," ते म्हणाले.

सुब्रमण्यम वळले. "गुरुमूर्ती? तुमच्या कागदावर 'हो' आहे. काय म्हणता?"

एक वाक्य बोललो असतो तर माझं काम वाचलं असतं. मुलगा माझ्याकडं पाहत होता.

"काही नाही सार," मी म्हणालो. "माझ्या लिहिण्यात चूक झाली असेल."

लॉजपाशी उतरताना सुब्रमण्यम म्हणाले, "उद्यापासून येऊ नका. शेरा शुक्रवारी मद्रासला जाईल. मला वाईट वाटतं."

आता वाटतं, आजीबाईंनी, तविलवाल्यांनी खरंच तसं सांगितलं होतं का? की मी कुणाशी बोलत नाही म्हणून मनातच ऐकलं? आठ महिने घरात दोन माणसं, आणि त्यांतलं एक मी.

२० जानेवारी, गुरुवार

कामाला गेलो नाही. सासूबाईंनी विचारलं, सांगावं लागलं. सगळं सांगितलं. इतका वेळ मी त्यांच्याशी कधीच बोललो नव्हतो. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

"तो तुमचा मद्रासी कोठें बसला होता?"

"आत. खुर्चीवर."

"भोवतीं?"

"सगळे. मुलगा, सून, देवळातले."

"आणि तुम्ही तेव्हां?"

"ओट्यावर. तुम्हीच सांगितलं होतं."

हिराबाई हसायला लागल्या. चंद्रमती गेल्यापासून त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. सूप बाजूला ठेवलं, डोळे पुसले. "अय्यो गुरुमूर्तीराव! इत्तके शिकलांत आणि हें कळत नाही? सुनेसमोर कोण सांगेल? मुलासमोर कोण सांगेल? तुम्ही दारीं बसतां. घरात येत नाही, पाणी घेत नाही, लग्नाकार्यास जात नाही. ऐकलेलं कोणास सांगाल म्हणून भीती नाही. तुमच्याएवढा बरा माणूस सांगण्यास कोठें मिळायचा?"

त्या उठल्या, गुडघे धरून बाहेर गेल्या आणि आमच्याच ओट्यावर बसल्या.

"या इकडे. कागद आणा. मला पुसा."

"अत्तै, तुमचं घर यादीत नाही."

"पुसा म्हणतें ना!"

मी शेजारी बसलो. सिगारेट नाही. दारू नाही. गांजा, कोणत्याही रूपात?

"लेह्य. गुडघ्यांस. वैद्य पश्चिम राजवीथीचा. आणि तीही घेत होती. शेवटचे चार महिने. सकाळीं एक, रात्रीं एक. त्यांस सांगूं नको म्हणाली, ते काळजी करतील, गप्प आहेत ते अधिक गप्प होतील. तुम्हांस वाटलं ना, तिला दुखत नाही?"

हो. मला तसंच वाटलं होतं. ती बसून हसायची, शेजारणींशी बोलायची. डॉक्टरही म्हणाले, नशीबवान आहात. मी कधी विचारलं नाही.

रस्त्यावरून भाजीवाली गेली. पुढचा प्रश्न होता, त्यानं बरं वाटतं का. तो विचारला.

"तिला वाटत होतं," हिराबाई म्हणाल्या. "झोपत होती ती. खरी झोप."

मी तो कागद गठ्ठ्यात घातला नाही. नियमात बसत नाही.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "उद्या जा त्याच्याकडे. आणि बोला. एकदां तरी बोला."

२१ जानेवारी, शुक्रवार

लॉजवर गेलो. सुब्रमण्यम शेऱ्याचा कागद टाइप करून घेत होते. मुरली तिथंच होता. मी उभा राहिलो आणि बोललो.

"सार, तुम्ही आत बसता. मी बाहेर बसतो. एवढाच फरक आहे. तुम्ही बाहेर बसून बघा. माझी घरं नकोत. गल्ली तुम्हीच निवडा. कार्ड काढून ठेवा. कॉफी घेऊ नका. ज्याला विचारायचं तो एकटा शेजारी असू दे. आणि विचारायच्या आधी थोडं गप्प बसा."

इतकं लांब मी इन्स्टिट्यूटमध्ये मुलांपुढंसुद्धा बोललो नव्हतो.

सुब्रमण्यम म्हणाले, "आणि तरीही 'नाही' आलं तर?"

"शेरा पाठवा."

मुरली मधेच म्हणाला, "सार, मीही बसतो. मुरुक्कू खाऊन कंटाळलोय."

सुब्रमण्यम यांनी टाइपरायटरमधला कागद काढला नाही. झाकण मात्र घातलं.

२४ जानेवारी, सोमवार

पापनाशम. गल्ली त्यांनी निवडली, स्टेशनच्या मागची. मी समोरच्या चहाच्या दुकानात थांबलो. त्यांच्या इस्त्रीच्या पॅंटला ओट्याची धूळ लागत होती. पहिल्यांदा रुमाल अंथरून बसले. घरातल्यांनी आत बोलावलं, त्यांनी हात जोडून नको म्हटलं. कॉफी आली, ती परत पाठवली. मग एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बाहेर आले. दोघंही गप्प. सुब्रमण्यम यांना गप्प बसवत नाही, हे इतक्या लांबून दिसत होतं. घड्याळाकडं हात गेला आणि मागं आला. मग मान खाली घालून ते लिहू लागले.

काय लिहिलं, ते इतक्या लांबून दिसेना. ते दुसऱ्या घरी गेले. तिसऱ्या घरी रुमाल अंथरला नाही.

दुपारी रस्ता ओलांडून आले. माझ्यासमोर बसले. दोन चहा सांगितले. माझा मी घेणार नाही, हे आठवून त्यांनी एक परत केला.

"माझे वडील गिरणीत होते," ते म्हणाले. "रविवारी दुपारी मागच्या अंगणात एकटे बसायचे. आई आम्हांला तिकडं जाऊ देत नसे. मी त्यांना कधी विचारलं नाही." चहा ढवळत राहिले, साखर केव्हाच विरघळली होती. "आज त्या मिशीवाल्यानं सांगितलं, रविवारी दुपारी, मागच्या अंगणात."

"हो का?" मी म्हणालो.

"तुमचा आकडा कमीच आहे, गुरुमूर्ती."

तेवढ्यात मुरली दुसऱ्या टोकाकडून पळत आला. "सार! सार, तिकडच्या टोकाचे सगळे घेणारेच निघाले! एका आजोबांनी तर मला सांगितलं, तू घेऊ नकोस, तू आधीच फार बोलतोस!"

सुब्रमण्यम इतके हसले की दुकानदार बघायला लागला. मग त्यांनी पिशवीतून तो टाइप केलेला शेरा काढला, चार तुकडे केले आणि चहाच्या उष्ट्या पेल्यात टाकले.

३ मार्च, गुरुवार

आता सगळे ओट्यावर बसून विचारतात. जुनी घरं पुन्हा करायला सांगितली आहेत, तीन जिल्ह्यांत. ओटा नसेल तिथं झाडाखाली, नाहीतर गोठ्यापाशी. तविलवाल्यांकडं मीच गेलो. त्यांनी माझा हात धरला. मग म्हणाले, "हॉलंडवाल्याशेजारी बसव मला आता."

२२ एप्रिल, शुक्रवार

तिरुचीला सभा. सगळे प्रश्न विचारणारे, मद्रासचे साहेब आणि कॅनडातून आलेल्या एक डॉक्टरीणबाई, ज्या सगळ्या देशांचं काम बघतात. सुब्रमण्यम यांनी मला न सांगता माझं नाव पुकारलं. "ही पद्धत ह्यांची आहे. तेच सांगतील."

उभा राहिलो. एवढी माणसं. सांगितलं, वर्ष पाळायचं होतं, म्हणून बाहेर बसलो, बाकी काही केलं नाही. हसले सगळे, पण चांगलं हसले. टाळ्या वाजल्या. मुरलीनं शिट्टी मारली.

फळ्यावर तोच तक्ता होता. भारतासमोरचा रकाना भरलेला होता. आम्ही जपानच्या शेजारी नव्हतो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही प्रश्न असेल तर विचारा. मी आयुष्यात सभेत प्रश्न विचारलेला नाही. विचारला.

"जपानमध्ये विचारणारा कुठं बसला होता?"

बाईंनी तक्त्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. प्रश्न लिहून घेतला. मग सुब्रमण्यम यांच्याकडं वळून काहीतरी म्हणाल्या. नंतर सुब्रमण्यम यांनी मला सांगितलं, पुढच्या वेळी सगळ्या देशांच्या सूचनांत हे पहिल्या पानावर येणार आहे. आणि पुढच्या वर्षी शिकवायचं काम माझं. मदुरै, सेलम, पुढं आंध्र.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सभेंत बोललांत? तुम्ही? काय बोललांत, सगळं सांगा." सगळं सांगितलं. दोनदा सांगायला लावलं.

१६ मे, सोमवार

उद्या वर्षश्राद्ध. सामान आणलं. वैद्यांकडून लेह्यही आणलं. हिराबाईंसाठी. मीच जाऊन मागितलं. त्यांनी विचारलं, "गुडघ्यांस?" मी हो म्हणालो.

१७ मे, मंगळवार

सगळं रीतीप्रमाणं झालं. भटजी जेवून गेले. हिराबाई म्हणाल्या, "झालं हो वर्ष. आता कोणाचेही घरात जा. कॉफी प्या, मुरुक्कू खा." मी म्हणालो, प्रश्न मात्र बाहेरच विचारीन. त्या म्हणाल्या, "तें मी शिकवलेलं आहे. विसरूं नका."

१८ मे, बुधवार

पहाटे उठलो. हिराबाई झोपल्या होत्या. ओटा धुतला, अंगणात सडा टाकला. वर्षभर दारात रांगोळी नव्हती. फळीवरून चंद्रमतीचा डबा काढला. घट्ट बसला होता, चमच्यानं उघडला. मला फक्त ठिपके जमतात. ठिपके काढले. ओळी जोडायला गेलो, त्या वाकड्या गेल्या. पुसल्या. ठिपके तसेच ठेवले आणि डबा लावून ठेवला.